काचेवरचे ओघळ : कारणे व उपाय

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, दांडेलीहून अंबिकानगरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत कुळगी हे रानातील गाव आहे. सभोवारचे जंगल काळी व्याघ्र प्रकल्पाचे. १९५६ साली दांडेली अभयारण्य घोषित झाले, १९८७ साली अणशी राष्ट्रीय उद्यान झाले. २००७ मध्ये या दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प करण्यात आला आणि २०१५ मध्ये त्यास काळी नदीचे नाव देण्यात आले. कुळगी येथे कर्नाटक वन विभागाचे निसर्ग शिबिर आहे. जंगल पाहण्यासाठी येणारी माणसे या भागात बराच वेळ काचेआडून बाहेर पाहत असतात. कधी खिडकीच्या, तर कधी मोटारीच्या.

या प्रदेशात काच स्वच्छ राखणे सोपे नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस कोसळतो, हवा ओलसर राहते आणि सावलीतील तावदानांवर बुरशीचा पातळ थर चढतो. पाऊस सरला की रस्त्याची तांबडी धूळ उडू लागते. घराघरांतील चुलीचा धूर काचेवर तेलकट काजळी धरतो. अशी काच पुसावयास घेतली, तर पुष्कळदा असे घडते की ओली असताना ती लख्ख दिसते आणि वाळल्यावर तिच्यावर पांढुरके ओघळ, आडवे पट्टे व ठिपके उमटतात. पुसणारा पुन्हा पाणी मारतो, पुन्हा फडके फिरवतो. ओघळ मात्र जागा बदलून तेथेच राहतात. वस्तुतः ओघळांस निश्चित कारणे आहेत आणि ती समजली म्हणजे ते टाळणे कोणासही साधते.

ओघळ कसा उत्पन्न होतो?

पाणी वाळते तेव्हा केवळ पाणी उडून जाते. त्यात विरघळलेले क्षार, साबण आणि मिसळलेला मळ मागे राहतो. काचेवर दिसणारा ओघळ म्हणजे हा मागे राहिलेला गाळ होय. म्हणून काच स्वच्छ करणे याचा अर्थ ती ओली करून वाळू देणे असा नसून, मळ पाण्यात उचलून ते पाणी वाळण्यापूर्वीच काचेवरून काढून टाकणे असा आहे.

एका साध्या हिशेबाने हे स्पष्ट होईल. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले पदार्थ असणे ग्राह्य मानले जाते. असे पाणी एक चौरस मीटर काचेवर एक दशांश मिलिमीटर जाडीच्या थराने राहिले, तर ते १०० मिलिलिटर भरते आणि वाळल्यावर ५० मिलिग्रॅम क्षार काचेवर सोडते. पिण्यास उत्तम असलेले पाणीदेखील काचेवर डाग का पाडते, ते यावरून ध्यानात येईल. याच काचेवर रबरी पट्टी नीट फिरवून केवळ एक मिलिलिटर पाणी मागे राहिले, तर क्षार अर्धा मिलिग्रॅम उरतात. ते डोळ्यांस सहसा दिसत नाहीत.

फडक्याने हे काम पूर्णपणे साधत नाही. कोरडे फडके प्रथम पाणी शोषते. परंतु ते भिजले की शोषण थांबते आणि मळाचे पाणी इकडून तिकडे पसरू लागते. रबरी पट्टी पाणी शोषीत नाही, ते पुढे ढकलते. तिची धार सरळ व सलग असेल तर मागे अतिशय पातळ थर तेवढा राहतो आणि तो क्षणार्धात वाळतो.

रबरी पट्टीचे साधन

या साधनास आपल्याकडे सर्रास वायपर म्हणतात. इंग्रजी नाव स्क्वीजी असे आहे. पूर्वी अमेरिकेत खिडक्या पुसणारे लोक अनेक स्क्रू असलेले जड पोलादी साधन वापरीत. इटलीहून तेथे गेलेल्या एत्तोरे स्तेकोने नावाच्या खिडक्या पुसणाऱ्या कामगाराने पितळेचे, हलके, एकच रबरी पट्टी असलेले साधन तयार केले व १९३६ साली त्याचे पेटंट मिळविले. आजही व्यवसायातील वायपर मूलतः त्याच घडणीचा आहे.

फरशीवरील पाणी ओढण्याचा जाड रबराचा वायपर काचेस उपयोगी नाही. काचेसाठी पट्टी मऊ असावी आणि तिची कडा काटकोनी व धारदार असावी. घरगुती खिडक्यांना २५ ते ३५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी पुरते. जुन्या लाकडी खिडक्यांत लहान लहान तावदाने असतात. त्यांच्यासाठी तावदानाच्या रुंदीहून किंचित कमी अशी अरुंद पट्टी घ्यावी. खिडकीस आतून गज असतील तर गजांमधून पट्टी ओढण्याची खटपट करू नये. बाहेर उघडणारी झडप तळमजल्यावर बाहेर उभे राहून पुसावी.

पट्टीची कडा हाच या साधनाचा प्राण होय. कडेस केसाएवढी चीर पडली तरी प्रत्येक ओढीत त्याच जागी पाण्याची रेघ सुटते. ऊन, तेल व रॉकेल यांमुळे रबर खराब होते. म्हणून काम झाल्यावर पट्टी साध्या पाण्याने धुवावी, पुसावी आणि सावलीत अशी टांगावी की कडेवर भार येणार नाही. एक कडा झिजली की पट्टी उलटून दुसरी कडा वापरता येते. तीही गेली की नवीन रबर बसवावे.

याखेरीज मऊ स्पंज, दोन बादल्या आणि धागे न सुटणारी दोन-तीन सुती फडकी एवढे साहित्य पुरेसे आहे. जुन्या धोतराचे वा पंचाचे अनेकदा धुतलेले कापड उत्तम. नव्या कापडात खळ असते. ती काचेवर उतरते.

पाणी व साबण

शक्य असेल तेथे मृदू पाणी वापरावे. छपरावरील पहिल्या सरी वाहून गेल्यानंतर साठविलेले पावसाचे पाणी या कामी फार चांगले, कारण त्यात क्षार अत्यल्प असतात. महाराष्ट्राच्या पठारी भागात ज्या गावी विंधन विहिरीचे पाणी कठीण आहे, तेथे हा भेद विशेष जाणवतो. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही व साबणास फेस येत नाही, ते पाणी काचेवर पांढरे ठिपके सोडणार, हे गृहिणी अनुभवाने जाणतात.

अशा पाण्यात साबणाची वडी वापरू नये. कठीण पाण्यातील चुन्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो व तोच काचेस लागतो. भांडी घासण्याचे द्रव पाच लिटर पाण्यात पाव चमचा एवढे पुरते. साबण अधिक तर स्वच्छता अधिक, ही समजूत चुकीची आहे. जादा साबण काचेवर धुके धरतो आणि त्यावर धूळ लवकर चिकटते. परंतु साबण मुळीच नसेल तर रबर काचेवर अडखळते. थोडा साबण मळ सोडवितो आणि रबरास सरकणे सुलभ करतो.

पुसण्याची कृती

वेळ सकाळची किंवा सायंकाळची निवडावी. उन्हाने तापलेल्या काचेवर पाणी पट्टी फिरण्यापूर्वीच वाळते आणि ओघळ पक्के होतात. घराच्या पूर्वेकडील खिडक्या दुपारनंतर व पश्चिमेकडील सकाळी पुसाव्यात.

प्रथम चौकट, कोपरे व उंबरठा कोरड्या कुंच्याने झाडून कोळिष्टके काढावीत. चौकट मळकी राहिली तर तिचे पाणी स्वच्छ काचेवर उतरते. त्यानंतर काचेवर साधे पाणी सोडून धूळ वाहू द्यावी. धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. गारगोटी काचेपेक्षा कठीण असल्यामुळे कोरडे फडके घासल्यास काचेवर कायमचे ओरखडे उठतात. ओघळ पुसता येतात, ओरखडे पुसता येत नाहीत.

धूळ गेल्यावर स्पंज साबणाच्या पाण्यात बुडवून पिळावा आणि कोपऱ्यांसह सर्व काच चोळावी. जुनी तावदाने लाकडात लांबीने बसविलेली असतात. तेथे पाण्याचा मारा करू नये, लांबी सुटते व लाकूड कुजते.

यानंतरची पायरी बहुतेकांकडून वगळली जाते व तेथेच चूक होते. रबरी पट्टी लावण्यापूर्वी काचेच्या वरच्या कडेने दोन-तीन सेंटिमीटर रुंदीचा भाग कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. पट्टीची सुरुवात या कोरड्या भागापासून करावी. चौकटीच्या खाचेत साचलेले पाणी पट्टीबरोबर ओढले जात नाही आणि वरून ओघळ येत नाही. पट्टीही कोरडी नसावी. ओल्या फडक्याने तिची कडा एकदा पुसून घ्यावी.

पट्टी काचेस टेकवून दांडा साधारण ४५ अंशांच्या कोनात धरावा आणि एकसारख्या हलक्या दाबाने, मध्ये न थांबता ओढावी. दाब वाढविल्यास कडा वाकते व तिच्याखालून पाणी निसटते. पहिली ओढ संपताच पट्टीची कडा फडक्याने पुसावी. दुसरी ओढ पहिलीवर तीन ते पाच सेंटिमीटर चढवून घ्यावी. आडव्या ओढी घेत असल्यास वरून खाली यावे व पट्टीचे वरचे टोक थोडे पुढे झुकते ठेवावे. त्यामुळे पाणी खालच्या, अद्याप ओल्या भागाकडे जाते आणि पुसलेल्या भागावर परत येत नाही. शेवटी खालच्या कडेचे पाणी व कोपरे कोरड्या फडक्याने टिपावेत. काचेच्या मधल्या भागास पुन्हा फडके लावू नये. बारीक रेघ दिसलीच तर ती कोरड्या कापडाने एकदाच पुसावी.

आतील बाजूस आडव्या आणि बाहेरील बाजूस उभ्या ओढी घ्याव्यात. मागाहून रेघ दिसल्यास ती आडवी की उभी यावरून दोष कोणत्या बाजूस आहे ते तत्काळ कळते.

दोष ओळखण्याच्या खुणा

प्रत्येक ओढीत एकाच ठिकाणी बारीक सरळ रेघ येत असेल तर पट्टीच्या कडेस चीर आहे किंवा कण अडकला आहे. दोन ओढींच्या सीमेवर रेघ येत असेल तर ओढ पुरेशी चढविलेली नाही. शिडीच्या पायऱ्यांसारखे पट्टे उमटत असतील तर रबर कठीण झाले आहे किंवा काच कोरडी पडली आहे. सगळ्या काचेवर धुके दिसत असेल तर साबण अधिक झाला आहे किंवा तेलकटपणा निघालेला नाही. पांढरे गोल ठिपके म्हणजे पाण्यातील क्षार. वरच्या चौकटीपासून खाली आलेला ओघळ वरची कडा कोरडी न केल्याचा. काचेवर पाणी पसरण्याऐवजी त्याचे थेंब जमत असतील तर तेथे तेल वा मेण आहे, असे समजावे.

जुने डाग

पावसाच्या वा नळाच्या पाण्याचे शिंतोडे वर्षानुवर्षे वाळून पडलेले पांढरे डाग प्रामुख्याने चुन्याच्या कार्बोनेटाचे असतात. साबणाने ते जात नाहीत; सौम्य आम्लाने जातात. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस फडक्यास लावून पाच-दहा मिनिटे डागावर धरावा. आम्लाच्या क्रियेने क्षार विरघळतो. नंतर साध्या पाण्याने धुऊन पट्टी फिरवावी. खिडकीचा खालचा दगड शहाबादी किंवा कडप्प्याचा असेल तर त्यावर आम्ल सांडू देऊ नये. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, आणि ज्या आम्लाने काचेवरचा डाग विरघळतो त्यानेच त्यांची झिलई जाते. घरास सफेदी देताना उडालेले चुन्याचे शिंतोडे ओले असतानाच पाण्याने पुसावेत.

शौचकूप धुण्याचे तीव्र आम्ल खिडकीसाठी वापरू नये. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल, किंवा ब्लीचिंग पावडर आणि अमोनिया यांचे मिश्रण कधीही करू नये; त्यातून विषारी वायू निघतात. एवढे करूनही काच धुरकटच राहिली, तर ओलाव्यामुळे काचेचा पृष्ठभागच खराब झालेला असण्याचा संभव आहे. तो मळ नसल्यामुळे पुसून जात नाही.

काचेचे कौल व कंदिलाची काच

कौलारू घरांत मधूनमधून काचेचे कौल बसविण्याची पद्धत आहे. खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात व माजघरात दिवसाचा उजेड या कौलातूनच येतो. चुलीच्या धुराने त्याची खालची बाजू काळवंडते, वरच्या बाजूवर शेवाळ धरते आणि दिवसाही दिवा लावावा लागतो. पावसाळ्यापूर्वी छपराची डागडुजी होते त्या वेळी हे कौल उतरवून घ्यावे, कोमट पाण्यात साबण घालून भिजत ठेवावे व काजळी सुटल्यावर धुवावे. कौलास बाक असल्यामुळे तेथे रबरी पट्टी चालत नाही. मृदू पाण्याने धुऊन सुती फडक्याने लगेच टिपणे हाच उपाय. केवळ एक कौल पुसण्यासाठी ओल्या छपरावर चढू नये.

कंदिलाची काच राखेने व कागदाने पुसण्याची जुनी रीत अनेकांच्या परिचयाची आहे. चाळलेली राख सौम्य क्षारयुक्त असल्याने काजळीचा तेलकटपणा सोडविते आणि कागद ओलावा टिपतो. मात्र राखेत खडा राहिल्यास काच ओरखडते. मोठ्या खिडक्यांस ती वापरू नये.

वाहनाची पुढची काच

काचेवरील ओघळांचा प्रश्न वाहनाच्या बाबतीत जिवाशी येऊन ठेपतो. कुळगीसारख्या वनभागातील रस्त्यांवर सकाळ-संध्याकाळ जनावरे रस्ता ओलांडतात. त्याच वेळी सूर्य क्षितिजाजवळ असतो. तिरपी किरणे वा समोरच्या वाहनाचा प्रकाशझोत ओघळलेल्या काचेवर पडला की प्रत्येक पट्टा प्रकाश विखुरतो. सगळी काच पांढरी दिसते आणि पुढचे हरिण किंवा गवा दिसेनासा होतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. ओघळांमुळे दिसण्यास एका सेकंदाचा विलंब झाला, तर तेवढे अंतर हातचे गेले असे समजावे.

वाहनाच्या वायपरचे रबर खिडकीच्या पट्टीप्रमाणेच चिरते व कठीण होते. पावसाळ्यापूर्वी ते तपासावे. कोरड्या धुळीवर वायपर चालवू नये, आधी पाणी सोडावे. काचेची आतील बाजू बहुधा दुर्लक्षित राहते. तिच्यावर श्वास, धूर व धूळ यांचा पातळ थर बसतो. आठवड्यातून एकदा ती पुसावी.

सौर पॅनेल

शेतीपंप व घरदिवे यांसाठी बसविलेल्या सौर पॅनेलची पुढची बाजू काचेचीच असते. तिच्यावर कठीण पाणी वाळल्यास क्षारांचा थर जमतो व प्रकाश अडतो. पॅनेल पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, थंड असताना धुवावे. तापलेल्या काचेवर गार पाणी पडल्यास ती तडकण्याचा धोका असतो. पॅनेलवर उभे राहू नये, त्यास टेकू नये. वायर उघडी वा काच तडकलेली दिसल्यास पाणी न लावता जाणकारास बोलवावे.

माणसाची व पाखरांची सुरक्षितता

खिडकी स्वच्छ करण्याच्या कामी पडून जायबंदी होणे हा सर्वांत मोठा धोका आहे. वरच्या मजल्यावरील खिडकीतून बाहेर वाकून किंवा छज्जावर उभे राहून काच पुसू नये. लांब दांड्याचा वायपर जमिनीवरून वापरावा. शिडी सपाट जागी ठेवून दुसऱ्याने धरावी. शाळेतील मुलांना उंचावरील काचा पुसावयास लावू नये. शहरांतील उंच इमारतींवर दोराने लोंबकळत काचा पुसणाऱ्या कामगारांस सुरक्षा-पट्टा व स्वतंत्र दोर देणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे.

वनभागात आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी. स्वच्छ काचेत झाडांचे व आकाशाचे प्रतिबिंब पडते आणि पाखरे ती मोकळी वाट समजून आदळतात. दांडेलीचा परिसर धनेशासाठी प्रसिद्ध आहे. लहानमोठे असंख्य पक्षी येथे वावरतात. काच मळकी ठेवणे हा त्यावर उपाय नव्हे. मोठ्या काचेच्या बाहेरील बाजूस ठिपके किंवा पट्ट्या लावाव्यात आणि दोन खुणांमधील अंतर सुमारे ५ सेंटिमीटरपेक्षा अधिक ठेवू नये. एखाद-दुसरे चित्र चिकटविल्याने पाखरे थांबत नाहीत, कारण ती उरलेल्या मोकळ्या भागातून जाऊ पाहतात.

शाळेत करता येण्याजोगा प्रयोग

शिक्षकांनी काचेच्या एका स्वच्छ तुकड्यावर विहिरीच्या, नळाच्या व पावसाच्या पाण्याचा एकेक थेंब ठेवावा. चौथा थेंब साबणाच्या पाण्याचा असावा. तुकड्याच्या कडांस आधी चिकटपट्टी लावावी, म्हणजे बोटे कापणार नाहीत. थेंब वाळल्यावर काच काळ्या कागदावर धरून विद्यार्थ्यांनी कडी पाहाव्यात व कोणते पाणी किती डाग सोडते याची नोंद करावी. नंतर काचेवर श्वास सोडावा. न दिसणारा तेलकटपणाही धुक्याच्या आकृतीत प्रकट होतो. बाष्पीभवन, विरघळलेले क्षार व पाण्याचा कठीणपणा हे पाठ्यपुस्तकातील विषय या एका प्रयोगात मुलांच्या प्रत्यक्ष पाहण्यात येतात.

थोडा साबण, मृदू पाणी, सावलीची वेळ, अखंड कडेची पट्टी आणि प्रत्येक ओढीनंतर ती पुसण्याचा नेम, या पाच गोष्टी पाळल्या तर काचेवर ओघळ राहत नाहीत. यांपैकी एकीसही फारसा खर्च नाही. शाळा, ग्रामपंचायत व आरोग्य उपकेंद्र यांच्या इमारतींत वर्षातून दोनदा, एकदा पावसाळा सरल्यावर आणि एकदा उन्हाळ्याच्या अखेरीस, या रीतीने काचा पुसण्याचा परिपाठ ठेवावा. ज्या उजेडासाठी खिडकी केली, तो मग वर्गातील शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल.